पाळतीचा कायदा कसा वाचावा: पहिल्यांदाच मसुदा हातात घेणाऱ्यांसाठी

सरकारला फोन ऐकण्याचा, संदेश वाचण्याचा किंवा लोकांच्या हालचालींची नोंद ठेवण्याचा अधिकार देणारं विधेयक आलं की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एका बाजूला देशाची सुरक्षा, दुसऱ्या बाजूला हुकूमशाहीची भीती. मसुदा मात्र फार थोडे जण उघडतात. भाषा किचकट असते, दोन कलमं वाचावीत तर तिसरं कुठल्यातरी जुन्या कायद्याकडे बोट दाखवतं, आणि माणूस कंटाळून मिटून ठेवतो. पण कुठे पाहायचं हे ठाऊक असलं तर वकील नसलेल्या माणसालाही तो नीट वाचता येतो.

पाळत मुळातच नको असं मी म्हणत नाही. खंडणी मागणाऱ्याचा फोन ऐकावा लागतो, अपहरण झालेल्या मुलाचा माग काढताना मोबाइलचं ठिकाण शोधावं लागतं. अडचण ही की हेच हत्यार मोर्चा काढणाऱ्यांवर, बातमी देणाऱ्यांवर, संघटना बांधणाऱ्यांवरही चालतं, आणि ते चालवलं गेलेलं आहे. अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने १९५६ ते १९७१ या काळात ‘कॉइंटेलप्रो’ नावाची गुप्त मोहीम राबवली. मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन टॅप करायला १९६३ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी मंजुरी दिली. हॉटेलच्या खोल्यांत मायक्रोफोन बसवले गेले. १९६४ मध्ये एफबीआयनेच त्यांना एक निनावी पत्र पाठवलं, त्याचा रोख त्यांनी जीव द्यावा असा होता. अहिंसेच्या मार्गाने हक्क मागणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडलं. परवानगी मागणारेही सरकारातले आणि देणारेही सरकारातलेच. मध्ये अडवणारं कुणी नव्हतं.

म्हणून मसुदा वाचताना एक प्रश्न सतत जवळ ठेवा: या कायद्यात सरकारला ‘नाही’ कोण म्हणू शकतं?

पहिली पायरी: सगळे कागद जमवा

नुसतं विधेयक पुरत नाही. सोबतचं ‘उद्देश व कारणे’ हे निवेदन, ज्या जुन्या कायद्याची जागा हे विधेयक घेणार आहे तो कायदा आणि त्याखालचे नियम, एवढं समोर हवं. खरी कार्यपद्धती बहुतेक वेळा नियमांत दडलेली असते. भारताचं उदाहरण घ्या. १८८५ च्या तार कायद्यातलं कलम ५(२) सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार देत होतं, पण सही कुणी करायची, किती दिवसांसाठी, तपासणी कुणी करायची, यातलं काहीही त्यात नव्हतं. शंभर वर्षं उलटून गेल्यावर, डिसेंबर १९९६ मध्ये, पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही कार्यपद्धती आखून दिली. सविस्तर नियम आले २००७ मध्ये. आता त्या कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय, आणि फोन-संदेश अडवण्याची कार्यपद्धती पुन्हा स्वतंत्र नियमांमध्येच आहे.

मसुद्यात ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ (म्हणजे पुढे नियमांनी ठरवलं जाईल तसं) आणि ‘अधिसूचनेद्वारे’ हे शब्द जिथे जिथे येतील तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या सगळ्या जागा कोऱ्या ठेवलेल्या आहेत आणि पुढे त्या सभागृहात चर्चा न होता भरल्या जाणार आहेत. खुणा किती झाल्या ते मोजा. पहिली हरकत तिथेच सापडते.

दुसरी पायरी: व्याख्यांवर थांबा

प्रस्तावनेवर वेळ घालवू नका, तिच्यात नेहमी चांगलंच लिहिलेलं असतं. थेट व्याख्यांकडे आणि पाळतीची कारणं सांगणाऱ्या कलमाकडे जा. ‘देशाची सुरक्षा’, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, ‘देशहित’ या शब्दांना हद्द घातलेली आहे का? व्याख्येत ‘म्हणजे’ असेल तर यादी तिथे संपते. ‘यांचाही समावेश होतो’ असं असेल तर ती उघडी राहते.

इथे एक सोपी चाचणी करता येते. कागदावर तीन माणसं मांडा: खंडणी उकळणारा गुंड, संपाची तयारी करणारा कामगार पुढारी, आणि सरकारी गैरव्यवहाराची कागदपत्रं हाती लागलेली पत्रकार. प्रत्येक कारण वाचा आणि विचारा, या तिघांपैकी कोण यात बसतं? पहिल्यासाठी टाकलेल्या जाळ्यात दुसरा आणि तिसरीही सापडत असतील तर व्याख्या सैल आहे.

मग उलट बाजू शोधा. शांततामय विरोधाला वगळणारं एखादं वाक्य आहे का? १९७८ च्या अमेरिकन परकीय गुप्तवार्ता पाळत कायद्यात असं वाक्य आहे: केवळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली संरक्षित असलेल्या कृतींवरून कुणा अमेरिकन व्यक्तीला परक्या सत्तेचा हस्तक ठरवता येत नाही. भारताच्या कलम ५(२) मध्येही एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद, होतं, अधिस्वीकृतीधारक (सरकारी मान्यता मिळालेल्या) बातमीदारांचे प्रसिद्धीसाठीचे संदेश सहसा अडवू नयेत असं सांगणारं. मात्र ‘अधिस्वीकृतीधारक’ या एका अटीमुळे मुक्त पत्रकार आणि गावोगावचे छोटे बातमीदार बाहेर राहिले. सूट दिसली की ती कुणाला मिळते हेही पाहत जा.

असे शब्द कागदावरच राहतात असं समजू नका. कलम ५(२) मध्ये ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ ही पूर्वअट होती. २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ती अट पूर्ण होत नाही म्हणून फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि जमवलेली संभाषणं नष्ट करायला सांगितली. कायद्यात अट होती म्हणून न्यायालयाला ‘नाही’ म्हणता आलं.

तिसरी पायरी: सही कुणाची?

घाईत असाल तर बाकी सोडून एवढी पायरी तरी करा.

ढोबळमानाने तीन पद्धती दिसतात. एकीत सरकारातलाच वरिष्ठ अधिकारी सही करतो. भारतात केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव आदेश देत आले आहेत. दुसरीत मंत्री सही करतो आणि न्यायिक आयुक्त ती मंजूर करतो. ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यातलं हे ‘दुहेरी कुलूप’. तिसरीत परवानगी न्यायाधीशाकडूनच घ्यावी लागते, जशी अमेरिकेत परकीय गुप्तवार्तेसाठीच्या विशेष न्यायालयाकडून.

न्यायाधीशाचं नाव दिसलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. त्या न्यायालयात दुसरी बाजू मांडायला कुणी असतं का? अमेरिकेतल्या त्या विशेष न्यायालयात वर्षानुवर्षं फक्त सरकारचं म्हणणं ऐकलं जात होतं. महत्त्वाच्या प्रकरणांत त्रयस्थ जाणकाराला बोलावण्याची तरतूद २०१५ मध्ये झाली, आणि तीही एडवर्ड स्नोडेन या गुप्तचर यंत्रणेतल्या माजी कंत्राटी कर्मचाऱ्याने २०१३ मध्ये सरकारी पाळतीची गुप्त कागदपत्रं उघड केल्यानंतर. न्यायाधीश कोण नेमतो, किती वर्षांसाठी, मुदतवाढ कुणाच्या हातात आहे, हेही वाचा. ज्याच्या पुढच्या नेमणुकीची फाइल सरकारकडे आहे, त्याला सरकारची विनंती नाकारणं जड जातं.

त्यानंतर मागचं दार तपासा. तातडीच्या प्रसंगी आधी पाळत आणि मागाहून मंजुरी, अशी सोय बहुतेक कायद्यांत असते आणि ती असायलाही हवी. भारताच्या २००७ च्या नियमांत अशा वेळी तीन कामाच्या दिवसांत वर कळवायचं आणि सात कामाच्या दिवसांत मंजुरी मिळवायची अशी अट होती. तुमच्या मसुद्यात मुदत किती आहे ते बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मंजुरी नाकारली गेली तर तोवर गोळा केलेल्या माहितीचं काय होणार? ती नष्ट करा आणि वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नकाराला अर्थ राहत नाही.

आणखी एक बारीक पण निर्णायक गोष्ट म्हणजे आदेशाची प्रत दूरसंचार कंपनीला दाखवावी लागते का. रशियात ‘सोर्म’ या व्यवस्थेखाली कंपन्यांना अशी यंत्रं बसवावी लागतात की गुप्तचर संस्थेला थेट जाळ्यात शिरता येतं. कायद्याने न्यायालयाची परवानगी लागते, पण ती कंपनीला दाखवण्याची गरज नसते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१५ च्या रोमन झाखारोव्ह खटल्यात नेमकं यावर बोट ठेवलं: थेट प्रवेश असेल तर परवानगीशिवाय पाळत ठेवण्याचा मोह आणि धोका दोन्ही वाढतात.

चौथी पायरी: एकावर की सगळ्यांवर?

आदेशात माणसाचं नाव, नंबर, पत्ता लागतो, की ‘एखाद्या वर्गातले संदेश’ एवढं पुरतं? दुसरं असेल तर ती घाऊक पाळत आहे आणि तिला वेगळे, अधिक कडक निकष हवेत. ब्रिटनच्या घाऊक पाळतीवर २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला. अशी पाळत सरसकट बेकायदा ठरवली नाही, पण स्वतंत्र संस्थेची पूर्वपरवानगी नव्हती आणि पत्रकारांच्या गोपनीय माहितीला पुरेसं संरक्षण नव्हतं, म्हणून खासगी आयुष्याच्या आणि अभिव्यक्तीच्या, दोन्ही हक्कांचा भंग झाल्याचं सांगितलं.

‘आम्ही संभाषण ऐकत नाही, फक्त मेटाडेटा साठवतो’ हे वाक्य विधेयकाच्या समर्थनात हमखास ऐकू येतं. कुणी कुणाला, कधी, कुठून, किती वेळ फोन केला याची नोंद म्हणजे मेटाडेटा. समजा, एका कर्मचाऱ्याने रात्री भ्रष्टाचारविरोधी कक्षाला फोन केला, सकाळी वकिलाला, दुपारी एका वार्ताहराला, आणि दोन दिवसांनी त्या वार्ताहराची बातमी छापून आली. कुणीही एक शब्द न ऐकता त्या कर्मचाऱ्याचं नाव उघडं पडलं. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशानुसार सगळ्यांचाच असा तपशील सहा महिने ते दोन वर्षं साठवायचा होता. युरोपीय संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तो निर्देश रद्दबातल केला, कारण ज्यांच्यावर कसलाही संशय नाही अशांनाही तो लागू होत होता.

मसुद्यात उपकरणात शिरण्याची परवानगी असेल तर वेगळी खूण करा. वाटेतला संदेश अडवणं आणि फोनमध्येच हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवणं यांत मोठं अंतर आहे. फोनमध्ये घुसणारा जुने फोटो, टिपणं, बंद मायक्रोफोन, सगळ्यापर्यंत पोहोचतो आणि मनात आणलं तर तिथे काही ठेवूनही जाऊ शकतो. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००८ मध्येच संगणकीय यंत्रणेच्या गोपनीयतेचा स्वतंत्र हक्क मान्य केला. भारतात पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या वापराचे आरोप झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं का हे ठरवता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही अशी नोंद ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात झाली. अशा साधनांविषयी कायदा मोघम असला की चौकशीही मोघमच संपते.

पाचवी पायरी: किती दिवस, आणि पुढे कुणाकडे?

आदेशाची मुदत, मुदतवाढीची कमाल मर्यादा आणि माहिती नष्ट करण्याची तारीख, हे तिन्ही आकडे शोधा. भारताच्या नियमांत एका आदेशाची मुदत ६० दिवस आणि मुदतवाढीसह जास्तीत जास्त १८० दिवस होती. मर्यादाच नसेल तर मुदत असूनही नसल्यासारखी.

नष्ट करण्याच्या कलमात एक खोच असते. ऐकलेली संभाषणं लवकर पुसली जावीत, यात नागरिकाचं हित आहे. पण पाळतीचा आदेशच सहा महिन्यांत पुसला गेला तर उद्या तो बेकायदा होता हे सिद्ध कसं करणार? संभाषणं आणि आदेश यांच्यासाठी वेगवेगळ्या मुदती असाव्यात, अशी सूचना जरूर करा.

जमवलेली माहिती दुसऱ्या खात्याला देता येते का, हे शोधताना पूल या ब्रिटिश शहराची आठवण ठेवा. २००० च्या तपास अधिकार कायद्याखाली तिथल्या नगर परिषदेने २००८ मध्ये एका कुटुंबावर काही आठवडे पाळत ठेवली, कशासाठी, तर मुलीच्या शाळाप्रवेशासाठी दिलेला पत्ता खरा आहे का हे पाहायला. २०१० मध्ये न्यायाधिकरणाने ही पाळत बेकायदा ठरवली आणि २०१२ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना न्यायदंडाधिकाऱ्याची मंजुरी सक्तीची केली. गंभीर गुन्ह्यांच्या नावाने दिलेले अधिकार कुठवर घसरतात हे इथे दिसतं. अधिकार मिळालेल्या संस्थांची यादी कायद्यात आहे, की अधिसूचनेने वाढवता येते? वाढवता येत असेल तर ती वाढेल, असं धरूनच वाचा.

सहावी पायरी: पाळत होती हे त्या माणसाला कधी कळतं?

बहुतेक मसुदे याबद्दल गप्प असतात. पाळत चालू असताना कळवता येणार नाही, हे मान्य. संपल्यावर, तपासाला धोका उरला नसताना का कळवू नये? जर्मनीत तशी तरतूद आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथला पाळतीचा कायदा घटनाबाह्य ठरवताना जी कारणं दिली त्यातलं एक हेच होतं, की पाळतीनंतर कळवण्याची सोयच नव्हती.

कळवलं नाही तर काय होतं? अमेरिकेत काही वकील, पत्रकार आणि मानवी हक्क संघटनांनी १९७८ च्या पाळत कायद्यात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीला आव्हान दिलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फेटाळलं, कारण आपल्यावर पाळत आहे हे त्यांना दाखवता आलं नाही. गुप्त गोष्टीचा पुरावा आणा, नाहीतर दाद मागू नका, असा तो पेच. याउलट युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७८ मध्येच ‘क्लास विरुद्ध जर्मनी’ या खटल्यात मान्य केलं होतं, की कायद्याचं अस्तित्वच धोका निर्माण करत असेल तर प्रत्यक्ष पाळत सिद्ध न करताही तक्रार करता येते. तुमच्या मसुद्यात तक्रार कुठे करायची आणि त्यासाठी आधी काय सिद्ध करावं लागेल, हे दोन्ही शोधा.

सातवी पायरी: तपासणारे किती आणि त्यांच्याकडे वेळ किती?

पुनर्विलोकन समिती आहे असं वाचून थांबू नका. भारतात केंद्राची समिती कॅबिनेट सचिव आणि इतर दोन सचिवांची, म्हणजे आदेश देणारे आणि तपासणारे दोघेही कार्यपालिकेचेच. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलं, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या बैठकीपुढे दर वेळी १५,००० ते १८,००० आदेश येतात आणि हे काम अवास्तव आहे. एका आदेशाला एकच मिनिट दिलं तरी १५,००० आदेशांना २५० तास लागतील. कागदावर देखरेख आहे आणि प्रत्यक्षात एकही आदेश नीट वाचला जाण्याची शक्यता नाही. दरवर्षी किती आदेश दिले आणि किती नाकारले हे जाहीर करण्याची सक्ती असेल तर असं गणित बाहेरच्या माणसालाही करता येतं. ती सक्ती नसेल तर मागा.

आठवी पायरी: विरोध करणाऱ्यांवरचा परिणाम लिहून काढा

‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला’ या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावं लागतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेकडे सदस्यांची यादी मागितली. यादीत गुन्हा काहीच नव्हता. पण नाव बाहेर आलं की नोकरी जाणार, मारहाण होणार, हे प्रत्येक सदस्याला ठाऊक होतं. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने यादी देण्याची सक्ती नाकारली. स्नोडेन प्रकरणानंतर विकिपीडियावरच्या दहशतवादाशी संबंधित लेखांची वाचकसंख्या घटल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. नुसतं वाचायलाही लोक कचरले. भारतात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, त्यामुळे कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि प्रमाणशीरता (हेतूसाठी गरजेपेक्षा जास्त हस्तक्षेप नको) या कसोट्या तिथल्या कुठल्याही मसुद्याला लावता येतात.

तुमच्या ओळखीतल्या कुठल्या संघटना, कुठले पत्रकार, कुठले वकील या कलमांमुळे गप्प बसतील, याचा विचार करा आणि ते तुमच्या हरकतींच्या निवेदनात लिहा. माणसांची नावं मात्र देऊ नका.

नववी पायरी: हरकत अशी लिहा की ती बाजूला टाकता येणार नाही

‘हा काळा कायदा मागे घ्या’ एवढंच लिहिलेलं पत्र संख्येत मोजलं जातं आणि फाइलीत जातं. प्रत्येक हरकतीत कलमाचा क्रमांक, त्यातली अडचण एका-दोन वाक्यांत, आणि त्याजागी कोणते शब्द हवेत ते नेमके द्या. उदाहरणार्थ, ‘सक्षम प्राधिकारी’ याजागी ‘न्यायिक अधिकारी’. तातडीच्या आदेशाला मंजुरी नाकारल्यास माहिती ४८ तासांत नष्ट. पाळत संपल्यावर ९० दिवसांत संबंधिताला लेखी सूचना, लांबणीवर टाकायची तर न्यायालयाची परवानगी. आकडे चर्चेने बदलतील, पण दुरुस्ती सुचवायला लोकप्रतिनिधीच्या हाती तयार मजकूर असतो. सगळीकडे विरोध करण्यापेक्षा तीन-चार कलमं निवडा. मी निवडायचं झालं तर सही, पाळतीनंतर कळवणं आणि वार्षिक आकडेवारी या तिन्हींवर जोर देईन.

चौथी मागणी म्हणून मुदतीचं कलम मागा, म्हणजे ठरावीक वर्षांनी कायदा आपोआप संपेल आणि चालू ठेवायचा तर सभागृहात पुन्हा चर्चा करावी लागेल. अमेरिकेत २००८ ची तीच दुरुस्ती याच कारणाने २०१२, २०१८ आणि २०२४ मध्ये पुन्हा चर्चेला आली. ती दर वेळी टिकली, हे खरं. पण फोनच्या नोंदी घाऊक गोळा करण्यासाठी वापरलेलं पॅट्रियट कायद्यातलं २१५ वं कलम मार्च २०२० मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा मंजूर झालं नाही.

कायदा मंजूर झाला तरी तुमची पेन्सिलीच्या खुणांची प्रत टाकून देऊ नका. नियमांचा मसुदा राजपत्रात आला की त्याच खुणा घेऊन बसा, प्रत्येक कोऱ्या जागी काय भरलं ते लिहा, आणि हरकतींची मुदत किती दिवसांची आहे ते त्याच दिवशी पाहून घ्या. ती अनेकदा ३० दिवसांचीच असते.